हवा मोजायची वेळ

'तापमान स्थिर ठेवले असता'
असं मी फळ्यावर लिहिते, गेली एकोणीस वर्षं,
फैजपूरच्या अकरावीला,
आणि दर वर्षी मागच्या बाकावरून
कोणीतरी विचारतंच,
"कुठे, मॅडम?"
खरं आहे.
हे वाक्य लिहिणाऱ्यानं
सावद्याचा मे पाहिलेला नसणार.

इथे सकाळी दहालाच पान्हा
फडक्यात धरून उचलावा लागतो.
केळीची पानं मधल्या शिरेवर
स्वतःला मिटून घेतात,
आणि बऱ्हाणपूर रस्त्याला
सुभान तडवीच्या दुकानात
फळकुटावर खडूनं लिहिलेलं असतं:
हवा सकाळी ७ च्या आत.
नंतर आलेल्यानं भांडू नये.

मी गेले दुपारी दोनला.
स्कूटीचं मागचं चाक दगडासारखं झालेलं.
म्हटलं, जास्त झालीय, थोडी काढा.
त्यानं गेज हातातसुद्धा घेतला नाही.
"तापेल टायरची हवा मोजू नई, म्याडम.
आता आकडा खोटा बोलंन.
आता काढली, त रातच्याला
चाक जमिनीले टेकंन."

मग मी कडुनिंबाखाली
एका रिकाम्या टायरवर बसले,
ऊन उतरायची वाट बघत.
कॉम्प्रेसर धडधडत होता.
त्याच्या डोक्याला हात लागला, चटका बसला:
हवा दाबली की तापते.
पलीकडे हलिमा, सुभानची धाकटी,
नळीचं तोंड गालाशी धरून
डोळे मिटून उभी:
सुटली की निवते.
मी यासाठी दोन तास घेते.
आकृतीसकट.

वर बघितलं तर निंबाच्या बेचक्यात
लोखंडी कडं अडकलेलं, ट्रकच्या चाकाचं.
सालीनं ते अर्धंअधिक गिळलेलं.
विचारलं, तर सुभाननं मान वळवून
उजवा कान माझ्याकडे केला.
पंधरा वर्षं झाली त्याला.
भर उन्हात गाडी आली होती,
केळी पिकायच्या आत दिल्ली गाठायची,
डायवर म्हणत राहिला, अजून दहा भर,
अजून दहा.
"म्या भरली," तो म्हणाला.
एवढंच.

हवेला राग येत नाही.
ती प्रत्येक भिंतीला सारखंच ढकलते,
कच्ची असेल ती आधी जाते.
हे मला पाठ आहे.
पण त्या दिवसापासून
डाव्या बाजूनं मारलेली हाक
या माणसाला पोचत नाही,
हे कुठल्या समीकरणात बसवायचं
मला आलं नाही.

जानेवारीत पुन्हा गेले, सकाळी.
थंडी होती, सुभान मफलर गुंडाळून,
हलिमा कागदी कपात फुंकर घालत.
तेवढ्यात फोन. रमजू, पानिपतच्या पुढून.
धुक्यात गाडी उभी करून ओरडत होता,
मला इथवर ऐकू येत होतं:
हवा कमी दावते! तूच कमी भरली!
सुभाननं फोन उजव्या कानाला नेला.
शांतपणे, जशी एखाद्या घरच्या माणसाची
बाजू घ्यावी तशी,
म्हणाला,
"कमी नई झाली रे.
हाये तेवढीच हाये.
गारठली, त अंग चोरून बसली.
वाटलं त भर थोडी.
पन परत येशीन तव्हा
बऱ्हाणपूर सोडलं का सीदा माह्याकडे ये.
ऊन लागायच्या आत.
तिकडची तेवढी काढून घेऊ."

फोन ठेवून तो माझ्या चाकाशी वाकला.
फळकुटावरचा सात
पावसानं पुसट झाला होता.
पर्समध्ये कायम एखादा खडू असतो माझ्या.
मी उठून तो आकडा
गिरवला.